आधी तपासणी, मग पथ्य: सीलिॲक असल्याची शंका आली तर काय करायचं

सीलिॲकची शंका आली की बहुतेक जण त्याच दिवशी गहू बंद करतात. पोट हलकं वाटतं, आठवडाभरात अंगात तरतरी येते, आणि मग कुणीतरी बजावतं म्हणून तपासणीला जावं तर रिपोर्ट नॉर्मल येतो. इथेच घोळ होतो. सीलिॲक हा आतड्याचा आजार आहे, आणि त्याच्या नेहमीच्या तपासण्या गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीरात काय घडतंय ते मोजतात. ग्लुटेन पोटात जातच नसेल तर मोजायला काही उरत नाही. तेव्हा शंका असली, त्रास होत असला, तरी सगळ्या तपासण्या पुऱ्या होईपर्यंत नेहमीचं खाणं चालू ठेवा. लेखाचा पुढचा निम्मा भाग पथ्याबद्दल आहे, तो निदान झाल्यावर वाचलात तरी चालेल.

आजार आहे तरी काय

ग्लुटेन म्हणजे गहू, जव म्हणजेच बार्ली आणि राय या धान्यांमधलं प्रथिन. सीलिॲक असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती या प्रथिनामुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याचं अस्तर एरवी मखमलीसारखं असतं, त्यावरच्या बारीक अंकुरांमधून अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं रक्तात जातात. हल्ला चालू राहिला की हे अंकुर झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही.

ही ॲलर्जी नव्हे. गव्हाची ॲलर्जी वेगळी, तिच्यात काही मिनिटांत किंवा तासांत अंगावर गांधी उठणं, धाप लागणं असं होऊ शकतं आणि तिच्या तपासण्याही वेगळ्या. काही जणांना गहू खाल्ल्यावर त्रास होतो पण सीलिॲकही नसतो आणि ॲलर्जीही नसते, तो तिसरा प्रकार. तिन्हींत गहू सोडल्यावर बरं वाटतं, म्हणून ‘बंद केलं आणि बरं वाटलं’ यावरून निदान होत नाही.

जगभरात साधारण १०० माणसांत एकाला सीलिॲक असतो. त्यासाठी एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं लागतात. पण ती तर ३० ते ४० टक्के लोकांत असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. म्हणून जनुकीय तपासणीचा उपयोग एकाच बाजूने: दोन्ही जनुकं नसतील तर सीलिॲक जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं. असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही.

गव्हाचा संबंध लक्षात आणून दिला तो नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि सीलिॲकची मुलं मात्र सुधारली. डिके यांना आधीपासूनच गव्हाचा संशय होता. त्यांचा प्रबंध १९५० मध्ये आला. त्याआधी या मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवत. त्यांना गुण यायचा तो बहुधा केळ्यांमुळे नव्हे, तर ब्रेड बंद झाल्यामुळे.

तपासणी कुणी करून घ्यावी

जुनाट जुलाब, पोट फुगणं, वजन घटणं ही लक्षणं सगळ्यांना माहीत असतात. अडचण ही की पुष्कळ रुग्णांना यातलं काहीच नसतं. कुणाला बद्धकोष्ठ असतं, कुणाचं वजन उलट जास्तच असतं. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल तर सीलिॲकची तपासणी व्हायलाच हवी. हे मी मुद्दाम ठासून सांगतेय, कारण डोस वाढवत राहण्यात वर्षं जातात. याशिवाय कमी वयात हाडं ठिसूळ होणं, वारंवार तोंड येणं, दातांच्या इनॅमलवर डाग किंवा खळगे, मुलांची उंची न वाढणं, वयात यायला उशीर, गर्भधारणेत अडचण, यकृताच्या तपासणीत विनाकारण वाढलेले आकडे, हातापायांना मुंग्या, तोल जाणं. कोपर, गुडघे, ढुंगण यांवर प्रचंड खाजणारे बारीक फोड येत असतील तर तो सीलिॲकचाच त्वचेवरचा अवतार असू शकतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा तुकडा तपासतात.

टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होणारा) आजार, डाउन किंवा टर्नर सिंड्रोम असेल तर धोका जास्त. घरात एकाला निदान झालं की त्याचे आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं या सगळ्यांनी, काही त्रास नसला तरी, रक्त तपासून घ्यावं. त्यांच्यापैकी साधारण दहांत एकाला आजार निघतो. आणि त्यांनीही तपासण्या पुऱ्या होईपर्यंत पथ्य सुरू करू नये. घरात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होतो, त्यामुळे सगळ्यांचंच ग्लुटेन एकदम बंद होतं आणि भावंडांची तपासणी राहून जाते.

रक्ततपासणी

डॉक्टरांकडे दोन गोष्टी मागा: टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए. पहिल्यात टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या आपल्याच शरीरातल्या एन्झाइमविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, मोजतात. हे एन्झाइम हल्ल्याचं लक्ष्य आहे हे १९९७ मध्ये कळलं आणि तेव्हापासून तपासणी खूप सोपी झाली. दुसरी तपासणी कशाला, असं लॅबमधला माणूसही विचारेल. कारण असं: सीलिॲक असलेल्या शंभरातल्या दोनतीन जणांचं शरीर आयजीए प्रकारची प्रतिपिंडं जवळजवळ बनवतच नाही. त्यांचा टीटीजी-आयजीए खोटा नॉर्मल येतो. एकूण आयजीए कमी निघालं तर आयजीजी प्रकारच्या तपासण्या कराव्या लागतात, त्यात डीजीपी-आयजीजी ही एक. उपाशीपोटी जायची गरज नसते.

रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी शेजारचा संदर्भ मर्यादेचा रकाना बघा. प्रत्येक लॅबचं किट वेगळं, एककं वेगळी. एका लॅबचे ४० आणि दुसऱ्या लॅबचे ४० यांची तुलना होत नाही. बघायचं असतं ते वरच्या मर्यादेच्या किती पट. मर्यादा १० असताना १३ आले तर थांबून विचार करण्याजोगी स्थिती. मर्यादा २० असताना २०० च्या पुढे आले, म्हणजे दहापटीहून जास्त, तर संशयाला फारशी जागा उरत नाही. पुढच्या तपासण्या शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, नाहीतर आकडा उतरतोय की नाही हेच समजणार नाही.

काही ठिकाणी अजून जुनी अँटी-ग्लायडिन तपासणी लिहून देतात. ती निदानासाठी आता वापरायची नसते. शेकडो पदार्थांची ‘फूड इंटॉलरन्स’ यादी देणारी पॅनेलं आणि केसांवरून आजार सांगणारे यांच्यावर पैसे घालवू नका.

ग्लुटेन आधीच बंद केलं असेल तर

मग दोन वाटा. पहिली, जनुकीय तपासणी. ती ग्लुटेन न खाताही करता येते आणि दोन्ही जनुकं नसतील तर विषय तिथेच मिटतो. दुसरी, डॉक्टरांना सांगून पुन्हा ग्लुटेन सुरू करायचं आणि मग तपासणी. किती आणि किती दिवस याबद्दल वेगवेगळे सल्ले आहेत. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ संस्थेचा सल्ला असा की निदान ६ आठवडे, रोज एकापेक्षा जास्त वेळच्या खाण्यात ग्लुटेन असावं. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे रोज दोनतीन स्लाइस पुरेत. ज्यांना हे झेपतच नाही त्यांच्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम, २ आठवडे, अशी छोटी पद्धतही आहे, पण तेवढ्यात रक्तातला आकडा चढेलच असं नाही, त्यामुळे नंतर पुन्हा रक्त द्यावं लागू शकतं. गरोदरपणात हा प्रयोग करत नाहीत. पाच वर्षांखालच्या आणि वयात येणाऱ्या मुलांतही टाळतात.

दुर्बीण आणि बायोप्सी

प्रौढांमध्ये रक्त पॉझिटिव्ह आलं की सहसा एंडोस्कोपी करतात. तोंडावाटे बारीक नळी लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात आणि अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढतात, हीच बायोप्सी. तुकडे काढताना दुखत नाही. नळी घशातून जाताना उबळ येते, पण घशावर बधिर करणारा फवारा मारतात किंवा झोपेचं इंजेक्शन देतात. इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

आधीच सांगून ठेवायचं ते हे: आतडं दुर्बिणीतून चांगलं दिसलं तरी तुकडे घ्या. वरून नॉर्मल दिसणाऱ्या आतड्यातही सूक्ष्मदर्शकाखाली झीज सापडते. ती सगळीकडे सारखीही नसते, म्हणून एक तुकडा पुरत नाही. ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, त्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एकदोन आणि त्याच्या पुढून निदान चार, अशी पद्धत आहे. अहवालात ‘मार्श’ असा शब्द आणि पुढे झिजेची पायरी सांगणारा आकडा असेल. १ म्हणजे अस्तरात पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, २ म्हणजे खालचे खळगे खोल झाले आहेत, आणि ३ म्हणजे अंकुर झिजले आहेत, त्यात अ, ब, क अशा वाढत्या पायऱ्या. मार्श १ इतर कारणांनीही दिसतं. एकट्या त्यावर सीलिॲकचा शिक्का मारू नये, रक्ताचा रिपोर्ट सोबत लावून बघावा लागतो.

लहान मुलांना मात्र बायोप्सी दरवेळी लागत नाही. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार टीटीजी-आयजीए वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए (एंडोमायशियल प्रतिपिंडं शोधणारी) ही तपासणी पॉझिटिव्ह आली, तर पालकांशी बोलून निदान पक्कं करता येतं. हा निर्णय बालपोटविकारतज्ज्ञांनी घ्यायचा.

निदान झाल्यावरचे पहिले दिवस

पथ्य सुरू करतानाच आणखी एकदा रक्त द्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), फॉलेट, बी१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृत आणि थायरॉइड. कमी काय आहे ते कळलं की भरून काढता येतं. हाडांची घनता मोजायची का हे प्रौढांनी विचारून ठेवावं. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही विचारा, काही रुग्णांमध्ये प्लीहेचं काम मंदावतं म्हणून ती सुचवतात.

दुधाने पोट बिघडत असेल तर घाबरू नका. दुधातली साखर पचवणारं एन्झाइम त्याच अंकुरांच्या टोकांवर असतं, त्यामुळे अंकुर झिजले की दूधही झेपत नाही. आतडं भरून आलं की बहुतेकांना पुन्हा चालतं.

औषध? नाही. आजमितीला ग्लुटेन कायमचं सोडणं हाच उपचार. ‘जेवणाआधी घ्या आणि काहीही खा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्यांवर विसंबून ब्रेड खाऊ नका. आंबवलेल्या पिठाचा पारंपरिक पद्धतीचा ब्रेड, मोड आणलेला गहू, गव्हाचे ‘प्राचीन’ वाण, म्हणजे स्पेल्ट, एमर किंवा खपली, कामुत, आइनकॉर्न, यांपैकी काहीच चालत नाही. गहू जुना असला तरी गहूच.

काय खायचं आणि लेबल कसं वाचायचं

चालणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे: तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, कुट्टू, क्विनोआ, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, बटाटे, रताळी, भाज्या, फळं, दूध, अंडी, मासे, मांस, सुकामेवा. सगळं तांदळावर ढकलू नका, धान्यं बदलत राहा. तयार ग्लुटेन-फ्री बिस्किटं आणि केक अधूनमधून ठीक, पण त्यात तंतू कमी आणि साखर-चरबी जास्त असते. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलंय म्हणजे ते पौष्टिक आहे असं समजण्याचं कारण नाही.

ओट्सची गोष्ट जरा वेगळी. त्यात ग्लुटेनचा तोच प्रकार नसतो, पण शेतापासून गिरणीपर्यंत त्यात गहू आणि जव मिसळतात. ग्लुटेन-फ्री लिहिलेले ओट्स बहुतेकांना चालतात, थोड्यांना तेही नाही. माझ्या मते तब्येत सुधारून रक्तातला आकडा खाली येईपर्यंत ओट्सच्या वाटेला जाऊ नये. त्रास झालाच तर कशामुळे ते तरी समजेल.

लेबलवर गहू दिसणं सोपं. मैदा, रवा, दलिया, कुसकुस, सेइटान हेही गहूच. चुकतं ते इथे: माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि माल्ट व्हिनेगर म्हणजे जव. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी चवीला पुष्कळदा माल्ट घातलेला असतो. साधा सोया सॉस गव्हापासून बनतो. पाकिटातलं सूप, सॉसेज, मसाल्याची मिश्रणं, चिप्सवरचा मसाला यांत दाटपणासाठी किंवा भर म्हणून पीठ असतं. साधी बिअर जवाची. उलट माल्टोडेक्स्ट्रिनला नावामुळे घाबरतात, ते माल्ट नव्हे आणि सहसा चालतं.

‘ग्लुटेन-फ्री’ या शब्दांना आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार मर्यादा आहे: किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. ‘गहू नाही’ एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही, जव किंवा राय असू शकतो. नेहमीच्या वस्तूचं पाकीटही दर खरेदीला नव्याने वाचा, कंपन्या पाककृती बदलतात आणि समोरचं चित्र तेच ठेवतात.

कणभर म्हणजे किती

बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेनने इजा होत नाही असं मानतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम, तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा होताना दिसली. आता ब्रेडची ती २ ग्रॅमची स्लाइस आठवा. तिचे चाळीस भाग केले की एका भागात ५० मिलिग्रॅम, दोनशे भाग केले की १०. म्हणजे ताटाच्या कडेला पडलेला चुरा. ‘थोडंसं चालतं हो’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना हा हिशेब ऐकवावा, वाद लवकर संपतो. दुसऱ्या बाजूने बघितलं तर मानकात बसणारा पदार्थ अर्धा किलो खाल्ला तरी जास्तीत जास्त १० मिलिग्रॅमच पोटात जातील, म्हणून ते लेबल विश्वासाचं.

ग्लुटेन जंतू नाही. उकळून, भाजून, तळून ते मरत नाही, आणि सॅनिटायझरने जात नाही. साबण आणि पाण्याने घासून धुतलं की निघतं. स्टील आणि काचेची भांडी धुऊन बिनधास्त वापरा. भेगा पडलेले लाकडी पाट आणि लाकडी चमचे, पिठाची चाळणी, पास्त्याची जाळी मात्र वेगळी घ्या, त्यांच्या फटींत पीठ राहतं. ज्या पाण्यात गव्हाचा पास्ता उकळला त्यात दुसरं काही उकळू नका, त्यात ग्लुटेन चांगलंच उतरतं. टोस्टरबद्दल जितकी भीती घातली जाते तितकं ग्लुटेन प्रत्यक्ष मोजणीत सापडलेलं नाही, तरीही परवडत असेल तर वेगळा ठेवावा असं मला वाटतं, निदान रोजची धाकधूक जाते.

जॅम आणि बटरच्या बरणीकडे मात्र नीट लक्ष द्या. कुणीतरी ब्रेडला बटर लावतं, सुरी पुन्हा बरणीत बुडवतं आणि चुरा आत राहतो. झाकणावर नाव लिहून आपली बरणी वेगळी ठेवा आणि ती वरच्या फळीवर ठेवा, म्हणजे वरून काही सांडणार नाही. कोरडं गव्हाचं पीठ मळताना हवेत उडतं आणि आजूबाजूला बसतं. मिश्र घरात आधी ग्लुटेन-फ्री स्वयंपाक उरकून झाकून ठेवा, मग गव्हाचं पीठ काढा. बाहेर दळून आणत असाल तर ज्या गिरणीवर गहू दळतात तिथलं दुसरं पीठही चालणार नाही.

बाहेर खाताना

‘यात ग्लुटेन आहे का?’ असं विचारलं की ‘नाही’ असं उत्तर हमखास मिळतं, कारण विचारलेला शब्दच अनेकांना माहीत नसतो. त्याऐवजी नेमकं विचारा: यात गव्हाचं पीठ, मैदा, रवा आहे का? रस्सा कशाने दाट केलाय? तळायचं तेल कशाकशासाठी वापरता? ज्या कढईत मैदा लावलेलं काही तळलं, त्यातले नुसते बटाटेही सोडून द्या. गर्दीची वेळ टाळून गेलं तर आचाऱ्याला बोलायला सवड असते. कार्यक्रमांना जाताना थोडं खाऊन जा आणि पिशवीत काहीतरी ठेवा. मुलांच्या शाळेत लेखी कळवा, खेळायच्या मऊ पिठाच्या गोळ्यांबद्दलही सांगा, त्यातले काही गव्हाचे असतात आणि हात तोंडात जातात.

औषधांच्या गोळ्यांत ग्लुटेन क्वचितच असतं, तरी नवीन औषध घेताना औषधविक्रेत्याला विचारा. स्वतःहून औषध बंद करू नका.

चुकून खाल्लं गेलं तर? काही तासांत मळमळ, उलटी, पोटात कळा किंवा जुलाब होऊ शकतात, काहींना काहीच जाणवत नाही. उतारा असा काही नाही. पाणी प्या, विश्रांती घ्या, साधं खा, आणि कशातून गेलं ते शोधून ठेवा. त्रास झाला नाही म्हणजे आतड्याला काही झालं नाही, असा अर्थ मात्र काढू नका. ज्यांना लक्षणं नसतात त्यांचं पथ्य याच समजुतीने सैल होतं.

पुढच्या भेटी

साधारण सहा महिन्यांनी आणि वर्षाने टीटीजी पुन्हा बघतात, नंतर दरवर्षी. आकडा हळूहळू उतरतो, सुरुवातीला फार चढलेला असेल तर नॉर्मलला यायला वर्षाहून जास्त लागू शकतं. दिशा खाली आहे ना, एवढं बघा. मुलांचं आतडं लवकर भरून येतं, प्रौढांना दोन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. रक्त नॉर्मल झालं म्हणजे आतडं पूर्ण भरलं, असंही नेहमी नसतं. आणि टीटीजी नॉर्मल आलं म्हणून आजार बरा झाला असं समजून पुन्हा गहू सुरू करणारे बरेच जण असतात. तो आकडा पथ्यामुळेच खाली आलेला असतो.

सहा महिने ते वर्ष नीट पथ्य करूनही त्रास तसाच असेल तर सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे कुठूनतरी नकळत पोटात जाणारं ग्लुटेन. ते नसेल तर डॉक्टर दुधाची साखर न पचणं, लहान आतड्यातली जंतूंची वाढ, मोठ्या आतड्याचा सूक्ष्म दाह, स्वादुपिंड अशी कारणं तपासतात, मूळ निदान बरोबर होतं का तेही पुन्हा पडताळतात. पथ्याला दाद न देणारा सीलिॲक हा प्रकार आहे, पण फार दुर्मीळ, आणि त्याचा विचार हे सगळं बघून झाल्यावरच करायचा. या भेटीला जाताना दोन आठवड्यांची खाण्याची नोंद न्या, सॉस, औषधं, चघळायच्या गोळ्या, शेजारच्या घरचा चहा आणि त्याबरोबरचं बिस्किट, सगळं लिहून. आणि घरातल्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून आहारतज्ज्ञाला दाखवा.